फ्लास्कवर लिहिलेलं ‘हेला’ हे नाव कुणाचं?

निशिगंध

पुण्यात एका प्रयोगशाळेत मी सहा वर्षं टिश्यू कल्चरचं, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचं काम केलं. सकाळचं पहिलं काम ठरलेलं. हात स्पिरिटने पुसायचे, इन्क्युबेटरचं दार उघडायचं आणि एकेक फ्लास्क उजेडात धरून पाहायचा. मीडिया, म्हणजे पेशी ज्यात वाढतात तो द्रव, गुलाबी-लाल असेल तर ठीक. पिवळट झाला असेल तर पेशींनी तो आंबवलाय, आज बदलायचा. मग मायक्रोस्कोपखाली नजर टाकायची. इतर पेशींची मर्जी फार सांभाळावी लागायची. सीरम बदललं की रुसायच्या, विरळ पेरल्या की धरायच्या नाहीत. हेला नावाच्या पेशींचं तसं कधी झालं नाही. शुक्रवारी संध्याकाळी थोड्या पेरून घरी गेलं की सोमवारी फ्लास्कचा तळ भरलेला. नवीन मुलांना हात बसवायला आम्ही हेलाच द्यायचो, कारण त्या चुका पोटात घालतात.

फ्लास्कवर मार्करने लिहायचं: हेला, पॅसेज क्रमांक (पेशी कितव्यांदा नव्याने पेरल्या ते), तारीख. ते नाव कुणाचं हे मला पहिली दोन वर्षं ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढे एका व्याख्यानात कळलं, वाईट वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फ्लास्क हातात घेतले.

गेल्या वर्षी माझ्या मावशीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचं निदान झालं. तुकडा काढण्याआधी सह्या करायच्या कागदांत एक ओळ होती: तपासणीनंतर उरलेला भाग संशोधनासाठी वापरायला माझी हरकत नाही. मावशी सातवीपर्यंत शिकलेली. तिने मला विचारलं, “म्हणजे माझं काय ठेवून घेणार गं?” ज्या पेशी मी सहा वर्षं जोपासल्या त्या याच आजाराच्या, अशाच एका बाईच्या. मला उत्तर सुचेना. म्हणून हा धागा.

त्या बाईंचं नाव हेन्रिएटा लॅक्स. जन्म १९२० चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, रोआनोकला. आई लवकर गेली, आजोबांनी क्लोव्हर गावी वाढवलं, तंबाखूच्या शेतात राबत मोठ्या झाल्या. पुढे नवऱ्याला पोलाद कारखान्यात काम मिळालं म्हणून बाल्टिमोरजवळ टर्नर स्टेशनला संसार थाटला. पाच मुलं. आत काहीतरी गाठीसारखं लागतंय हे त्यांचं त्यांनाच आधी कळलं होतं. १९५१ च्या सुरुवातीला त्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेल्या. गरीब कृष्णवर्णीयांवर उपचार करणारं त्या भागातलं मोठं रुग्णालय तेच, तिथेही वॉर्ड मात्र वेगळे. उपचारासाठी रेडियमच्या नळ्या ठेवायच्या आधी डॉक्टरांनी गाठीचा एक छोटा तुकडा आणि शेजारच्या निरोगी भागाचा एक तुकडा काढून घेतला. त्यांना विचारलं नाही. विचारायची रीतच नव्हती.

ते तुकडे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेले. मानवी पेशी शरीराबाहेर कायम वाढवता याव्यात म्हणून गाय कित्येक वर्षं झटत होते आणि दर वेळी पेशी काही दिवसांत मरत होत्या. मेरी क्युबिसेक या त्यांच्या सहायिकेने नळ्यांवर नाव आणि आडनावाची पहिली दोन-दोन अक्षरं लिहिली. हेला. निरोगी पेशी नेहमीप्रमाणे मेल्या. गाठीच्या पेशी मात्र रोज दुप्पट होत राहिल्या. हेन्रिएटा ४ ऑक्टोबर १९५१ ला गेल्या, वय ३१. पेशी आजही वाढताहेत.

या पेशींनी काय दिलं, त्या मरत का नाहीत, संमतीचं काय, ज्याला जे माहीत असेल ते लिहा. मला मावशीला नीट सांगायचंय.

परळकर

धागा काढलात, बरं केलंत. माझी नोकरीची सगळी वर्षं परळला गेली, म्हणून एक दुवा सांगतो. पुण्याच्या माणसांनाही तो सहसा ठाऊक नसतो.

हेला ज्या प्रयोगशाळेत जन्मली त्याच जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत आपली एक मराठी बाई टिश्यू कल्चर शिकून आली. डॉ. कमल रणदिवे. माहेरच्या समर्थ. जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. वडील त्याच कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. लग्नानंतर मुंबईला आल्या आणि टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली पीएचडी केली. खानोलकर म्हणजे आपल्याकडच्या विकृतिशास्त्राचे (पॅथॉलॉजीचे) आद्य पुरुष. त्यांच्याच सांगण्यावरून कमलताई बाल्टिमोरला गेल्या. परत आल्यावर परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतीसंवर्धनाची (टिश्यू कल्चरची) प्रयोगशाळा उभी केली. देशातली ती पहिली मानतात. तिथेच स्तनाच्या कर्करोगासाठी उंदरांच्या वाणांवर त्यांचं काम झालं. आनुवंशिकता, संप्रेरकं आणि विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध, हे त्या शोधत होत्या. १९८२ ला पद्मभूषण मिळालं.

तेव्हा निशिगंध, तुम्ही सकाळी स्पिरिटने हात पुसून जे काम करत होता, त्याची परंपरा बाल्टिमोर ते परळ अशी आलेली आहे. त्या केंद्राचं आजचं रूप खारघरला आहे. आणि देशभरच्या संशोधकांना पेशी पुरवणारं भांडार तुमच्याच गावात, विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात आहे.

निशिगंध

परळकर काका, कमलताई गाय यांच्याकडे होत्या हे मला खरंच माहीत नव्हतं. मी हुजूरपागेचीच. शाळेत हे कुणी सांगितलं असतं तर!

अर्धसूत्री

‘मरत का नाहीत’ याबद्दल लिहितो. माझा विषयच तो आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

आपल्या साध्या पेशीला विभागण्याची मर्यादा असते. १९६१ मध्ये लिओनार्ड हेफ्लिक यांनी दाखवलं की त्वचेसारख्या ऊतींतल्या मानवी पेशी संवर्धनात साधारण पन्नासेक वेळा विभागतात आणि थांबतात. कारण गुणसूत्रांची टोकं. दर विभाजनात ती थोडी झिजतात. चपलेची टाच झिजत झिजत खिळा पायाला लागावा, तशी एक वेळ येते आणि पेशी काम बंद करते. टोकं पुन्हा बांधणारं एक विकर (एन्झाइम) असतं, टेलोमरेज. शरीरातल्या बहुतेक पेशींमध्ये ते निजलेलं असतं. हेलामध्ये ते जागं आहे. मानवी टेलोमरेज पहिल्यांदा सापडलं तेच मुळी हेला पेशींच्या अर्कात, १९८९ मध्ये.

पण नुसती टोकं सांभाळून भागत नाही. बिघडलेल्या पेशीला थांबवणारे पहारेकरी असतात. त्यांतले दोन मोठे म्हणजे पी५३ आणि आरबी ही प्रथिनं. अनेक कर्करोगांत पी५३ चं जनुकच मोडलेलं असतं. हेलामध्ये ते शाबूत आहे! पहारेकरी जन्मतो, पण कामावर रुजू व्हायच्या आत त्याला संपवलं जातं. संपवणारा आहे एक विषाणू, ह्युमन पॅपिलोमा, म्हणजे एचपीव्ही, प्रकार १८. त्याचं ई६ प्रथिन पी५३ ला पेशीच्याच कचराव्यवस्थेत ढकलतं आणि ई७ प्रथिन आरबीला निकामी करतं.

जर्मनीत हाराल्ड झुर हाउझेन यांचा हट्ट होता की गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे हाच विषाणू आहे. तेव्हा बहुतेकांचा संशय नागिणीच्या जातीच्या हर्पिस विषाणूवर होता. १९८३-८४ मध्ये त्यांच्या गटाने गाठींतून एचपीव्हीचे १६ आणि १८ हे प्रकार वेगळे केले आणि हेला पेशीतही १८ सापडला. २००८ चं नोबेल त्यांना मिळालं. पुढे हेलाचा जनुकीय आराखडा उलगडला तेव्हा दिसलं की विषाणूचा तुकडा आठव्या गुणसूत्रात घुसलाय, तोही मिक नावाच्या जनुकाच्या शेजारी. मिक म्हणजे पेशीला ‘वाढ’ म्हणून सांगणारं जनुक. घुसताना विषाणूने स्वतःचा ई२ हा लगाम गमावला, त्यामुळे ई६ आणि ई७ अखंड बनत राहतात. गुणसूत्रांचा तर गोंधळच आहे. आपल्यात ४६, हेलात साधारण ७६ ते ८०.

आता मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. प्रयोगात हेला पेशींना तो हरवलेला ई२ परत दिला की ई६ आणि ई७ बंद पडतात, पी५३ आणि आरबी पुन्हा उभे राहतात आणि या ‘अमर’ पेशी काही दिवसांत म्हाताऱ्या होऊन थांबतात. इतकी वर्षं, इतक्या पिढ्या उलटूनही त्या विषाणूच्या जोरावरच जगताहेत. म्हणजे विषाणूला आधीच अडवलं तर हा आजार व्हायचं कारणच उरत नाही. हे ज्ञान त्याच पेशींनी दिलं आणि लस त्यातूनच उभी राहिली.

साधाप्रश्न

अर्धसूत्री, छान समजलं. एक विचारतो, राग मानू नका. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की पोलिओच्या लशीत कॅन्सरच्या पेशी घातल्या होत्या आणि हेला म्हणजे त्याच. खरं आहे का? माझ्या नातवाला डोस द्यायचाय.

अर्धसूत्री

राग कसला. डोस निर्धास्त द्या. लशीत हेला पेशी नव्हत्या आणि नाहीत.

पेशी वापरल्या त्या चाचणीसाठी. जोनास साल्क यांची लस १९५४ मध्ये अमेरिकेत लाखो मुलांवर तपासली गेली. लस लागू पडली का हे पाहायला मुलांच्या रक्तात विषाणूला अडवणारी प्रतिद्रव्यं तयार झाली का ते मोजायचं होतं. पोलिओचा विषाणू हेला पेशींना झटकन मारतो. मग मुलाच्या रक्ताचा द्रव, विषाणू आणि हेला पेशी एकत्र ठेवायच्या. पेशी जगल्या तर प्रतिद्रव्यं आहेत. तोपर्यंत यासाठी माकडाच्या पेशी लागत, त्या महाग आणि अपुऱ्या. लस बनवली मात्र माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत.

या चाचणीसाठी हेला पेशींचं मोठं केंद्र अलाबामातल्या टस्कीगी इन्स्टिट्यूटमध्ये उभं राहिलं. कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ आणि तंत्रज्ञांनी ते चालवलं. ऐन भरात आठवड्याला सुमारे २०,००० नळ्या तिथून रवाना होत. त्याच टस्कीगीत १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने उपदंश झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसतं ‘निरीक्षणाखाली’ ठेवलं होतं. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही. एकाच आवारात या दोन्ही गोष्टी चालू होत्या. याबद्दल मी फार वेळा विचार केलाय आणि दर वेळी पोटात खड्डा पडतो.

बार्शीची_लेक

मी शास्त्रातली नाही, मराठी शाळेवर शिक्षिका आहे. पण हा आजार आमच्या घरातून गेलाय म्हणून लिहिते.

आमचं गाव उस्मानाबाद जिल्ह्यात, आता धाराशिव. मी कॉलेजात असताना गावात बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची गाडी यायची. घरोघर फिरून तीस ते साठ वयाच्या बायकांची नावं घ्यायचे, समजावून सांगायचे. अंगावर पांढरं जातं, संबंधानंतर रक्त दिसतं, हे आमच्याकडे बाई बाईजवळ बोलत नाही, तिथे परक्या माणसाजवळ काय बोलणार. माझी आई गेली ती चुलतीने ओढत नेलं म्हणून. तिच्यात विषाणू निघाला, पुढच्या तपासणीत बदल दिसले, तिथेच छोटा उपचार झाला. आई आज बहात्तरची आहे. ज्वारी काढायला अजून शेतात जाते.

पुढे कळलं की तो जगात गाजलेला अभ्यास होता. गावांचे ५२ गट, एक लाख एकतीस हजारांवर बायका, २००९ मध्ये निष्कर्ष आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. त्या गटातल्या ३४ हजार बायकांत ३४ मृत्यू. ज्या गटाला फक्त माहिती दिली, तपासणी दिली नाही, त्या ३१ हजारांत ६४.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा रडले. आई पहिल्या गटात होती म्हणून आनंद झाला. मग दुसऱ्या गटातल्या गावांची आठवण आली. आमच्यापासून फार लांब नाहीत ती. त्यांना तपासणी का दिली नाही यावर जगभर वाद झाला, अजून होतो. ‘तिकडे एरवीही तपासणी नव्हतीच’ हे उत्तर मला पटतं आणि पटत नाहीही. कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. बार्शीच्या त्या लोकांनी माझी आई वाचवली.

सरळरेषा

धाग्यातली माहिती उत्तम, पण संमतीच्या मुद्द्यावर वेगळं मत मांडतो.

ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ रुग्ण घरी नेत नाही. ती जाळलीच जाते. त्यातून ज्ञान मिळालं तर कुणाचं काय गेलं? गाय यांनी पेटंट घेतलं नाही, पेशी मागेल त्याला दिल्या. प्रत्येक तुकड्यासाठी परवानगी, त्यावर समिती, त्यावर वकील, असं असतं तर १९५१ मध्ये हेला झालीच नसती. पोलिओची चाचणी रखडली असती, एचपीव्ही सापडायला आणखी वर्षं गेली असती. त्या विलंबात गेलेल्या बायकांची संमती कुणी घ्यायची? भावना समजतात, पण हिशोब पूर्ण मांडा.

निशिगंध

सरळरेषा, तुमचा प्रश्न टाळण्यासारखा नाही. मलाही हेला नसती तर पगार नव्हता. पण हिशोब पूर्ण मांडायचा तर त्यात पुढचंही धरा.

हेन्रिएटांचं खरं नाव वीस वर्षं बाहेर नव्हतं. ‘हेलन लेन’ असं खोटं नाव फिरत होतं. गाय १९७० मध्ये स्वतः कर्करोगाने गेले आणि त्यांच्या स्मृत्यर्थ १९७१ मध्ये छापलेल्या लेखात खरं नाव आलं. १९७३ मध्ये शास्त्रज्ञांना घरच्यांचं रक्त हवं झालं, इतर पेशींत हेलाची भेसळ ओळखण्यासाठी. घरच्यांची समजूत झाली की आईला झालेला आजार आपल्याला आहे का हे तपासताहेत. त्यांची मुलगी डेबोरा निकालाची वाट पाहत राहिली. आई गेली त्याच वयाला ती पोचत होती. निकाल यायचाच नव्हता, कारण तशी तपासणी झालीच नव्हती. आणि २०१३ मध्ये जर्मनीतल्या एका गटाने हेलाचा पूर्ण जनुकीय आराखडा सगळ्यांना पाहता येईल असा टाकला. त्यात नातवंडा-पतवंडांचीही माहिती होती. घरच्यांनी हरकत घेतल्यावर तो काढला. त्यानंतर अमेरिकी आरोग्य संस्थेशी करार झाला. आता हा आराखडा वापरायचा तर अर्ज करावा लागतो आणि अर्ज पाहणाऱ्या समितीत लॅक्स कुटुंबातले दोघे असतात.

त्या करारानंतर संशोधन थांबलं नाही. मग १९५१ मध्येच कुणी खाटेजवळ बसून सांगितलं असतं तर थांबलं असतं असं का मानायचं? कदाचित त्या हो म्हणाल्या असत्या. माझा आक्षेप इतकाच आहे की ते आपल्याला कधीच कळणार नाही.

कलमनवीस

कायद्याच्या अंगाने थोडं. अमेरिकेतच जॉन मूर यांचा खटला झाला. रक्ताच्या कर्करोगासाठी १९७६ मध्ये प्लीहा काढली, डॉक्टरांनी त्यातून पेशीवंश, म्हणजे हेलासारख्या सतत वाढणाऱ्या पेशी, तयार करून पेटंट घेतलं. मूर न्यायालयात गेले. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की काढलेल्या पेशींवर रुग्णाची मालकी नाही, पण त्यांतून आपला आर्थिक फायदा आहे हे डॉक्टरांनी आधी सांगायलाच हवं. म्हणजे सरळरेषा यांना अर्धं यश. लॅक्स कुटुंबाने मात्र ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, मृत्यूला ७० वर्षं झाली त्या दिवशी, हेला पेशी विकणाऱ्या थर्मो फिशर कंपनीवर दावा लावला. २०२३ मध्ये तो तडजोडीने मिटला, अटी गुप्त आहेत.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. उरलेल्या नमुन्यांवर आणि जैविक साठ्यांवर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. थरांची संमती असते: याच अभ्यासापुरती, पुढच्या संबंधित अभ्यासांसाठी, किंवा कुठल्याही. नंतर संमती मागेही घेता येते. निशिगंध, मावशींच्या कागदावर एकच ओळ होती, तर हे पर्याय कुठे आहेत असं विचारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. ‘नाही’ म्हटल्याने उपचारात फरक पडता कामा नये. हे मावशींना आधी सांगा.

पिपेट

भेसळीचा उल्लेख आला म्हणून लिहितोय. हे मी आजवर कुठे लिहिलेलं नाही.

मी तोंडाच्या कर्करोगावर पीएचडी करत होतो. घरात आजी मिश्री लावायची, काकाला गुटख्याने नेलं, म्हणून विषय मनापासून घेतलेला. पेशी ‘केबी’ नावाच्या. कागदावर लिहिलेलं, मुखाच्या कर्करोगाच्या. शेजारच्या प्रयोगशाळेतून मागून आणल्या, तेव्हा सगळे तसंच करायचे. अडीच वर्षं काम केलं. त्यांच्यात एचपीव्ही-१८ सापडला तेव्हा मी हरखून गेलो, वाटलं मोठं काही हाती लागलं. मार्गदर्शकांनी पेशींची ओळखतपासणी करायला लावली. जनुकीय ठसा जुळला तो हेलाशी. केबी म्हणजे हेलाच आहेत, हे तज्ज्ञांना कधीचं माहीत होतं, मी वाचलं नव्हतं. तोंडाच्या कर्करोगात मला सापडलेला विषाणू हेन्रिएटांच्या गर्भाशयमुखातला होता.

हेलाचा एक थेंब दुसऱ्या फ्लास्कमध्ये गेला तरी काही आठवड्यांत मूळ पेशी हटतात आणि हेलाच उरतात. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी परिषदेत उभं राहून सांगितलं की वेगवेगळ्या म्हणून वापरात असलेले १८ पेशीवंश प्रत्यक्षात हेला आहेत. सगळ्यांत एका विकराचा असा प्रकार होता जो जवळजवळ फक्त आफ्रिकी वंशाच्या लोकांत सापडतो, आणि त्यांतल्या काही पेशी तर गोऱ्या रुग्णांच्या म्हणून नोंदलेल्या. लोकांना ते ऐकवेना. मला माझं ऐकवेना, तसंच.

प्रबंधाची तीन प्रकरणं काढून टाकली. दोन वर्षं वाढली. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात सांगतो: पेशी अधिकृत भांडारातून घ्या, आल्या आल्या ठसा तपासा, हेला आणि दुसऱ्या पेशी एकाच वेळी हूडमध्ये (पेशी हाताळायच्या निर्जंतुक कपाटात) उघडू नका, मीडियाची बाटली वेगळी ठेवा. अडीच वर्षांपेक्षा ही तपासणी फार स्वस्त आहे.

परळकर

पिपेट, लिहिलंत हे मोठं काम केलंत. जी चूक लोक लपवतात तीच दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा होते. नावाची गोष्ट निघाली आहे तर, एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी मिशिगनमधल्या एका ६९ वर्षांच्या ख्रिस्ती जोगिणीच्या, १९७० सालच्या. संप्रेरकांवर पोसणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाची औषधं या पेशींमुळे समजली. त्यांचंही नाव फ्लास्कवर नसतं.

दूरदेशी

मी मेरीलँडमध्ये राहते. टर्नर स्टेशनहून गाडी नेताना स्पॅरोज पॉइंटची दिशा दिसते, तो पोलाद कारखाना आता बंद आहे. हेन्रिएटांना क्लोव्हरला पुरलं, थडग्यावर दगडही नव्हता. २०१० मध्ये एका डॉक्टरांनी तो दिला. डॉक्टरांचं नाव रोलंड पॅटिलो, गाय यांचेच एक विद्यार्थी. २०२३ मध्ये रोआनोकला त्यांचा पुतळा बसला.

अर्धसूत्री

अजून एक राहिलं होतं. हेलामध्ये जे *नाही* त्याचाही उपयोग होतो. एचआयव्ही हेलात शिरू शकत नाही. १९८६ मध्ये तिच्यात सीडी४ प्रथिनाचं जनुक घातलं आणि विषाणू शिरला, म्हणजे त्याचं दार सीडी४. २०२० मध्ये कोविडच्या विषाणूबाबत अगदी हेच केलं. साध्या हेलात संसर्ग नाही, एसीई२ या प्रथिनाचं जनुक घातल्यावर झाला. दार सापडलं की अडसर कुठे घालायचा ते कळतं. साथ सुरू झाल्यावर काही आठवड्यांत हे उत्तर आलं, कारण या पेशींचा स्वभाव सत्तर वर्षांत पाठ झालेला होता.

साधाप्रश्न

नातवाला डोस दिला. ग्रुपवरही लिहिलं. आता नातीचं विचारतो. अकरा वर्षांची आहे. तिला ती गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस द्यावी का?

अर्धसूत्री

द्या. वय अगदी योग्य. विषाणूशी गाठ पडायच्या आधी दिली तरच पूर्ण उपयोग. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ च्या जानेवारीत आली, तिच्यात ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांपासून संरक्षण आहे. यांतले १६ आणि १८ मिळून या कर्करोगाच्या साधारण ७० टक्के रुग्णांना कारण ठरतात. नऊ ते चौदा वयात दोन डोस. बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या. लशीत जिवंत विषाणू नसतो, त्याचं नुसतं बाहेरचं कवच असतं. आणि लस घेतली तरी मोठेपणी तपासणी सोडायची नाही, उरलेले प्रकार आहेतच. तिच्या आईलाही तपासणीला पाठवा.

बार्शीची_लेक

आमच्या शाळेतल्या मुलींच्या आयांना मी हा धागा वाचून दाखवणार आहे. निशिगंध, मावशी कशा आहेत? सांगितलंत का त्यांना?

निशिगंध

सांगितलं. रविवारी दुपारी, भाजी निवडता निवडता. शेक संपून चार महिने झालेत, मागच्या तपासणीला डॉक्टर समाधानी होते. सही तिने तेव्हाच केली होती, मी उत्तर न देताच. कलमनवीस, तुमच्या सांगण्यावरून आम्ही परत जाऊन पर्याय विचारले. होते, छापील होते, तीन होते. घाईत कुणी दाखवले नव्हते. तिने मधला निवडला, याच आजाराच्या अभ्यासांसाठी.

हेन्रिएटांची सगळी गोष्ट तिने ऐकून घेतली. विषाणू, अमर पेशी, पोलिओ. मध्ये एक शब्द बोलली नाही. मग विचारलं, “मुलं किती होती तिला?”

पाच, मी म्हटलं. सगळ्यात धाकटा निदानाच्या काही महिनेच आधी जन्मलेला.

मावशीने मेथीची जुडी बाजूला ठेवली. म्हणाली, “मग तिला घरी जायची घाई असणार गं. कागद असता तरी वाचला नसता तिने. वाचून दाखवायला कुणीतरी लागतं.”